बागेसाठीं गाडी घेतांना



शहरांत राहणाऱ्या, परंतु गांवाकडे दोन-चार एकर जमीन असणाऱ्या माणसाला एके दिवशीं एक मोह अनावर होतो. बांध घालावयाचे असतात, झाडें लावावयाचीं असतात, वाट करावयाची असते. आणि या सर्व खटाटोपाचें उत्तर म्हणून एक गाडी त्याच्या डोळ्यांपुढें उभी राहते. या मोहाला मी दोनदां बळी पडलों. पहिल्यानें पैसे गेले. दुसऱ्यानें एका माणसाचा हात मोडला. तेवढ्याच अधिकारावर आज आपणांपुढें बोलण्याचें धाडस करीत आहें.

आमची वडिलोपार्जित जमीन मुळशी तालुक्यांत, डोंगराच्या पायथ्याशीं आहे. सात-बाराच्या उताऱ्यावर अडीच एकर. त्यांतील एक एकर तीव्र उताराचें, थोडीं भातखाचरें, आणि उरलेलें सारें करवंदीच्या जाळ्यांचें राज्य. मला तेथें बाग करावयाची होती. वरच्या अंगाला आंबा, फणस, जांभूळ. खालीं बसावयास हिरवळ आणि दगडी पायवाट. आणि उतारावरची माती पावसानें वाहून जाऊं नये म्हणून काळ्या दगडाचे ताली-बांध. आषाढांत त्या डोंगराखालीं पाऊस कसा कोसळतो, याची कल्पना पुण्याच्या पेठेंत खिडकींत बसून येत नाहीं. मला ती आली नव्हती, आणि गाडी मात्र मीं पेठेंतच बसून निवडली!

ती एक जुनी पिकअप होती. विक्रेता मोठा गोड बोलणारा. "साहेब, टनभर माल सहज नेईल," असें तो म्हणाला, आणि तें खोटेंहि नव्हतें. डांबरी सडकेवर ती टनभर माल नेत असे. जूनच्या तिसऱ्या आठवड्यांत तीच गाडी, पूर्ण रिकामी असतां, आमच्या फाटकापासून शंभर पावलांवर चिखलांत रुतली. कारण अगदीं साधें होतें. इंजिनाचें ओझें पुढच्या चाकांवर, ओढणारीं चाकें मागें, आणि मागचा हौदा मोकळा. जमिनीवर दाब नाहीं तर चाकाला पकड कोठून येणार? चाकें जागच्या जागीं गरगर फिरत राहिलीं आणि गाडी आपल्यासाठीं खड्डा खणीत गेली. शेवटीं शेजारच्या शेतकऱ्याची बैलजोडी आणून ती ओढून काढावी लागली. बैलांच्या मालकानें पैसे घेतले नाहींत. तो नुसता हंसला, तें अधिक झोंबलें.

तेव्हां गाडी निवडतांना पहिला प्रश्न कोणती गाडी, हा नव्हे. काय वाहावयाचें आहे आणि कशावरून, हा आहे. आपल्याकडे माती आणि मुरूम ब्रासवर मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारें २.८३ घनमीटर. ओलसर मातीचा एक ब्रास तोलला तर चार टनांच्या आसपास भरतो. 'छोटा हत्ती' या नांवानें घरोघर ओळखला जाणारा टाटांचा लहान ट्रक २००५ सालीं निघाला. त्या जातीच्या गाडीनें सुमारें पाऊण टन वाहावें अशी अपेक्षा असते. म्हणजे एका ब्राससाठीं पांच-सहा खेपा झाल्या. काळ्या दगडाचा तर हिशेबच निराळा. एक घनफुटाचा दगड सुमारें ८० किलोंचा. असे नऊ-दहा दगड ठेवले कीं त्या गाडीची शक्ति संपली, आणि हौद्यांत पाहावें तर अर्धा तळसुद्धां झांकलेला नसतो. डोळ्यांना गाडी रिकामी दिसते आणि माणूस आणखी दोन दगड चढवितो. उलट वाळला पाला हौद्याच्या वर हातभर रचला तरी वजन नगण्य. पाण्याचें गणित सर्वांत सोपें, कारण हजार लिटर म्हणजे एक टन. परंतु अर्धी भरलेली टांकी पूर्ण भरलेल्या टांकीपेक्षां वळणावर अधिक दगा देते, कारण आंतलें पाणी हिंदकळून एका बाजूस धांवतें.

बागेची गाडी म्हटली कीं आमच्या पिढीला जीप आठवते. दुसऱ्या महायुद्धांत विलीस आणि फोर्ड या दोन कारखान्यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनविल्या. १९४७ सालीं महिंद्रांनीं मुंबईस त्यांची जोडणी सुरू केली. इंग्लंडांत रोव्हर कंपनीनें तिच्यावरून धडा घेऊन शेतकऱ्यासाठीं म्हणून लँड रोव्हर काढली आणि १९४८ च्या एप्रिलांत अॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनांत मांडली. युद्धानंतर पोलादाची टंचाई होती, म्हणून तिचें अंग अॅल्युमिनियमचें केलें. इंजिनाच्या शक्तीवर शेतीचीं यंत्रें फिरविण्याचीहि सोय तिला करून घेतां येत असे. चारही चाकांना इंजिनाची ओढ असलेली गाडी चिखलांतून कशी निघते, हें एकदां पाहिलें म्हणजे माणूस तिच्या प्रेमांत पडतो. मीहि पडलों होतों. पण लष्करानें त्या जीपचें वर्गीकरण 'पाव टनी' असें केलें होतें, हें विसरूं नये. मालक, मालकीण, दोन रोपें आणि एक कुत्रा, एवढ्यांसाठीं जीप उत्तम. बांधाचे दगड वाहणें हें तिचें काम नव्हे.

पिकअप विकल्यावर मीं दुसरा मार्ग धरला. गांवांतला एक मोठा ट्रॅक्टर व त्याची दोनचाकी ट्रॉली भाड्यानें घेतली. काम झपाट्यानें चाललें. वैशाखाचे शेवटचे दिवस होते; दुपारी चारच्या सुमारास वळिवाचे ढग दाटून आले. चार खेपांचे दगड शिल्लक होते. "आज संपवाच," असें मी म्हणालों. तें वाक्य मला अजून ऐकूं येतें.

आमच्या बागेचें काम पाहणारे वयस्क गृहस्थ आहेत. आम्ही सारे त्यांना मामा म्हणतों. ते ट्रॅक्टरच्या मडगार्डावर बसले होते, जसे आपल्याकडे सगळेच बसतात. वेळ वांचावा म्हणून चालकानें सरळ खालीं येण्याऐवजीं उताराला आडवी गाडी घातली. मागल्याच महिन्यांत भराव टाकलेल्या जागीं ट्रॉलीचें खालच्या अंगाचें चाक दबलें, दगड एका बाजूला सरकले, आणि ट्रॉली कलंडली. तिच्या पिळानें ट्रॅक्टरचें एक मोठें चाक वर उचललें गेलें. चालक बचावला. मामांनीं उडी मारली आणि मनगटाच्या वर त्यांचा हात मोडला. दगड त्यांच्यापासून दोन हातांवरून गडगडत गेले.

डॉक्टरांचे पैसे मीं भरले, तीन महिन्यांची मजुरी दिली. हात जुळला, परंतु किंचित् वांकडा जुळला. कोयत्याची मूठ त्यांना आतां पूर्वींसारखी आंवळतां येत नाहीं. एके दिवशीं मीं त्यांना विचारलें, "मामा, तुम्ही मडगार्डावर कां बसलांत?" ते म्हणाले, "अण्णा, बसू कुठं? पायी आलो असतो तर तुम्हीच म्हणाला असता, उशीर झाला." यावर मला उत्तर सुचलें नाहीं.

त्यानंतर मीं गाड्यांच्या जाहिराती वाचणें सोडून गाड्या उलटतात कशा, हें वाचूं लागलों. ट्रॅक्टर दोन प्रकारें उलटतो. एक आडवा, उतारावरून. हा आम्हीं पाहिलाच. दुसरा मागें, आणि तो अधिक भयंकर. ओढावयाचें ओझें खालच्या जोडणीला न लावतां मागच्या आंसाच्या वर कोठेंतरी बांधलें, आणि ओझें अडलें, तर मागचीं चाकें जागींच थांबतात व ट्रॅक्टरचें तोंड आकाशाकडे जातें. हें सारें दीड-दोन सेकंदांत घडतें. चालकाला क्लच दाबण्याचेंहि भान राहत नाहीं. तेव्हां झाडाचा बुंधा उपटावयाचा असो कीं रुतलेली गाडी ओढावयाची असो, दोर खालच्या जोडणीलाच बांधावा. स्वीडन देशानें १९५९ सालीं नव्या ट्रॅक्टरांवर चालकाच्या डोक्यावर पोलादी संरक्षक चौकट असलीच पाहिजे असा नियम केला, आणि पुढें तेथें ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यु फार कमी झाले. मात्र चौकटीबरोबर कमरेचा पट्टाहि हवा. नाहीं तर माणूस आसनावरून फेकला जाऊन त्याच चौकटीखालीं सांपडतो. आणि चौकट नसलेल्या ट्रॅक्टरवर पट्टा बांधणें हें त्याहून वाईट.

पुढें एका रविवारीं आमच्या सौभाग्यवतींनीं वही काढली आणि गेल्या दोन वर्षांत आपण खरोखर काय काय वाहिलें, याची यादी केली. यादी पाहून आम्ही दोघेंहि चकित झालों. दगड आणि मुरूम हें जड काम दोन उन्हाळ्यांत संपणारें होतें. कधीं न संपणारें काम म्हणजे शेणखत, रोपें, छाटलेल्या फांद्या, गवत, उन्हाळ्यांत पाणी, आणि थोडी थोडी माती. "जड तें भाड्यानें, हलकें तें घरचें," असा निर्णय त्यांनीं दिला. माझ्या मतें एक एकराच्या आंतल्या बागेला तर घरच्या इंजिनाची गरजच नाहीं. चांगली एकचाकी हातगाडी, चार घमेलीं, आणि वर्षांतून दोन दिवस तासावर आणलेला ट्रॅक्टर, एवढें पुरतें. पण हें ऐकावयास फारसें कोणी तयार नसतें.

आम्हीं शेवटीं लहान ट्रॅक्टर घेतला. २० ते २५ अश्वशक्तीच्या वर्गांतला, चारही चाकांना ओढ असलेला, डोक्यावर घडीची चौकट असलेला. फळबागांसाठीं असे अरुंद ट्रॅक्टर आतां आपल्याकडे सहज मिळतात. मोठ्या ट्रॅक्टरपेक्षां तो हलका आहे, आणि हा गुण मला त्याच्या शक्तीहून मोठा वाटतो. झाडाचीं अन्न शोषणारीं मुळें बहुतांशीं वरच्या दीड-दोन फुटांच्या मातींत असतात. ओल्या जमिनीवरून जड चाक वारंवार गेलें कीं मातींतल्या पोकळ्या दबतात, हवा आणि पाणी खालीं जात नाहीं, आणि दोन वर्षांनीं कलम कां सुकलें म्हणून आपण औषधांच्या दुकानांत उभे राहतों! यासाठीं आम्हीं बागेंत एकच ठरलेली वाट ठेवली आहे; झाडाच्या घेराखालीं चाक न्यावयाचें नाहीं. टायरांविषयींहि एक सांगतों. खोल दांत्यांचें टायर चिखलांत धरतें, पण हिरवळ उसकटून टाकतें. चपट्या नक्षीचें टायर हिरवळ राखतें, पण चिखलांत घसरतें. दोन्ही गुण एकाच टायरांत मागूं नयेत. आम्हीं दांते पत्करले आणि हिरवळीवर हातगाडी नेतों.

याच ट्रॅक्टरच्या मागें एक फिरता दांडा असतो. त्यावर गवत कापण्याचें व फवारणीचें यंत्र चालतें. तो मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. लोंबता पदर, धोतराचा सोगा किंवा उपरण्याचें टोंक त्यांत सांपडलें तर हात मारावयासहि अवधि मिळत नाहीं. त्यावरचें झांकण काढून ठेवण्याची आपल्याकडे सर्रास पद्धति आहे. आमच्या येथें झांकण नसेल त्या दिवशीं यंत्र चालत नाहीं.

परदेशांत बागकामासाठीं दोन-तीन आसनांची, मागें छोटा हौदा असलेली एक निराळी जात प्रचारांत आहे. जपानच्या कावासाकी कंपनीनें १९८८ सालीं तिच्यापैकीं एक काढली व तिला 'म्यूल', म्हणजे खेचर, असें यथार्थ नांव दिलें. हलकी, चपळ, हिरवळीवर सौम्य अशी ही गाडी मोठ्या उद्यानांना शोभते. परंतु आपल्याकडे अशी गाडी घेण्यापूर्वीं तिची सार्वजनिक रस्त्यासाठीं नोंदणी होते कीं नाहीं, हें परिवहन कार्यालयांत स्वतः जाऊन विचारावें. विक्रेत्याच्या शब्दावर राहूं नये. बागेच्या दोन तुकड्यांमध्यें सरकारी रस्ता असेल तर तेवढ्यासाठींहि हा प्रश्न येतो.

कायद्याचें बोलणें निघालेंच आहे म्हणून दोन गोष्टी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें, मालासह एकूण वजन ३,००० किलोंपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीस परवान्याची, म्हणजे 'परमिट'ची, जरूरी नाहीं. नोंदणी आणि विमा अर्थातच हवा. तसेंच हलक्या मोटारीचें लायसेन्स असलेल्याला ७,५०० किलोंच्या आंतील मालवाहू गाडी चालवितां येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें २०२४ च्या नोव्हेंबरांत दिला आहे. हौद्यांत माणसें बसवून नेण्याची सवलत मात्र यांपैकीं कशानेंहि मिळत नाहीं.

पैसे देण्यापूर्वीं गाडी आपल्या जमिनीवर मागवावी. रिकामी नव्हे, भरून. सर्वांत अवघड चढावर मध्येंच थांबवून पुन्हां उचलावी, तशीच मागें घ्यावी, उतरतांना खालच्या गिअरमध्यें नुसत्या इंजिनावर आवरते कीं नाहीं तें पाहावें. आम्हीं हें केलें तेव्हां विक्रेत्याच्या माणसानें थोडी कुरकुर केली. पहिल्यानें आणलेला नमुना चढावर मागें घसरूं लागला, आणि तो आम्हीं परत पाठविला. दुसरा टिकला.

त्या दिवशीं मामांना मीं मुद्दाम बोलावलें होतें. त्यांनीं ट्रॅक्टरभोंवतीं एक फेरी मारली, आसन एकच आहे हें पाहिलें, आणि मडगार्डावर हात ठेवून म्हणाले, "हे बरं आहे. इथं बसायला जागाच न्हाई." आतां ट्रॅक्टर निघावयाचा असला म्हणजे मामा आधीं चालूं लागतात, हातांत चाकाला लावावयाचा एक दगड असतो. ते वरच्या बांधाशीं पोंचून हात करीपर्यंत मी खालीं इंजिन बंद ठेवून बसतों. दहा मिनिटें लागतात. पावसाचे ढग आले असले तरीहि दहाच.