जळालेल्या डीपीची वर्गणी आणि वीजबचतीचे भांडवल



शिरूर आणि दौंड तालुक्यांत वर्गणी कशाकशासाठी निघते याची यादी केली, तर तीत मंदिराचा जीर्णोद्धार येईल, हरिनाम सप्ताह येईल आणि जळालेली डीपीही येईल. ऐन उन्हाळ्यात रोहित्र जळते, ऊस डोळ्यांदेखत सुकू लागतो आणि त्या डीपीवरचे शेतकरी पारावर बसून पैसे गोळा करतात. रोहित्राची दुरुस्ती हे खरे तर महावितरणचे काम. पण पीक कुणासाठी थांबत नाही. ऊर्जाबचतीच्या प्रकल्पांत 'हितसंबंधी घटकांचा आर्थिक सहभाग' हवा, असे तज्ज्ञ जड शब्दांत सांगतात. तो सहभाग येथे पूर्वीपासूनच आहे. मात्र तो तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखा आहे.

रोहित्र जळते कशाने? कागदावर पंप 5 अश्वशक्तीचा, विहिरीवर मोटार साडेसातची. कपॅसिटर बसवलेलाच नाही, किंवा बसवून काढून टाकलेला. वीज येताच ऑटो स्विचमुळे साऱ्या मोटारी एकदम सुरू होतात, दाब कोसळतो. जळालेली मोटार वारंवार रिवाइंड होते आणि तेवढेच पाणी उपसण्यास अधिक वीज खाते.

पंप बदलून पाहण्याचा प्रयोग महाराष्ट्रातच झाला. 2001 च्या ऊर्जा संवर्धन कायद्यान्वये स्थापन झालेल्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा परिसरात दोन हजारांहून अधिक जुने पंप काढून तारांकित पंप बसविले. बचत झाली. पण ती कुणाच्या खिशात गेली, हा कळीचा प्रश्न आहे.

हिशेब साधा आहे. समजा, एक जुना पंप वर्षाला 6000 युनिट वीज घेतो आणि नवा त्यातील चतुर्थांश वाचवितो. 1500 युनिट वाचले. युनिटला 6 रुपये धरले तर 9000 रुपये झाले. 40 हजारांचा पंप साडेचार वर्षांत फिटतो. परंतु 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्यात वीज मोफत आहे. म्हणजे हे 9000 शेतकऱ्याचे वाचत नाहीत. ते अनुदान देणाऱ्या शासनाचे आणि वीज विकत घेणाऱ्या महावितरणचे वाचतात. मग भांडवलाचा मोठा वाटाही त्यांनीच उचलला पाहिजे. ज्याचा लाभ, त्याचा भार, हा न्याय आहे. शेतकऱ्याला उपदेश करून पंप बदलत नसतो.

शेतकऱ्याचा लाभ निराळा आहे: मोटार न जळणे आणि दिवसा पाणी देता येणे. दिवसाची वीज ही शिरूरमध्ये सोयीची बाब राहिलेली नाही. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचेही बळी गेले. त्या भागात रात्रीच्या पाळीला उसात उतरणे म्हणजे काय, हे शहरातील टीकाकारांना सांगून कळणार नाही. सौर कृषिपंपासाठी शेतकरी 10 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींचा शेतकरी 5 टक्के वाटा भरतो, तो या दिवसाच्या पाण्यासाठी. तोच माणूस कपॅसिटरचा अल्प खर्च टाळतो. कारण एकट्याने बसवून उपयोग थोडा, सर्वांनी बसविला तरच दाब सुधारतो.

म्हणून एकक शेतकरी नव्हे, डीपी असावे. पंडित दीनदयाळजींनी 1965 मध्ये एकात्म मानवदर्शन मांडताना व्यक्ती आणि समाज यांच्यात विरोध मानला नाही. डीपीवरचे गणित त्याहून वेगळे नाही. डीपीवरील सर्वांनी मिळून कपॅसिटर बसवावेत, खऱ्या अश्वशक्तीची नोंद करावी; पंपाची रक्कम विकास सोसायटीमार्फत जिल्हा बँकेने द्यावी आणि हप्त्याचा मोठा भाग महावितरणने मोजलेल्या बचतीतून भरावा. मोजणीसाठी डीपीवर मीटर हवा, आणि त्याचे आकडे गावासमोर वाचले जावेत. उरलेला हप्ता ऊसबिलातून कापता येईल. मात्र घोडगंगेची चाके थांबलेली ज्यांनी पाहिली, ते केवळ कारखान्याच्या भरवशावर सही करणार नाहीत, आणि त्यांचे चुकणारही नाही.

एक धोका उरतो. पंप सुधारला, वीज फुकट आणि दिवसाची झाली, तर उपसा वाढेल. चासकमानच्या, खडकवासल्याच्या कालव्याखाली तो काही काळ खपेल. जेथे कालवा नाही, तेथे विहीर तळ गाठेल. तेव्हा ठिबकची अट त्याच कर्जात, पहिल्याच दिवशी लिहिलेली असावी.