खालचा काटा आणि वरची अँटेना



किल्लारीचा १९९३ चा भूकंप आठवा. त्या दिवसांत निरोप पोचवण्यासाठी हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले पुढे आले होते. आपल्या अनसिंग गावातल्या एखाद्या तरुणानं परीक्षा देऊन हॅमचा परवाना काढला, गच्चीवर अँटेना उभी केली, तर ती नीट चालते की नाही हे त्यानं कशानं तपासावं?

बहुतेक जण एसडब्ल्यूआर मीटर घेतात. अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते, ते त्यावर कळतं. काटा २ वर असेल तर सुमारे ११ टक्के, ३ वर असेल तर २५ टक्के. मीटर कामाचा आहे, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका, हे मी कळकळीनं सांगतो.

१४५ मेगाहर्ट्झला आरजी-५८ ही बारीक केबल तीस मीटरमध्ये साधारण ६ डेसिबल खाते. म्हणजे वर पोचते चौथाई शक्ती. वर जोड तुटला असेल तर ती सगळी मागे वळते, आणि खाली येईतो तिचीही चौथाई उरते. सेटजवळचा काटा तेव्हा पावणेदोनच्याही आत असतो! अँटेना जोडलेलीच नाही आणि मीटर म्हणतो, सगळं ठीक.

म्हणून आधी केबल एकटी तपासा. नॅनोव्हीएनए हे हातात मावणारं यंत्र आज हौशी माणसाच्या आवाक्यात आहे. केबलचं वरचं टोक मोकळं सोडून खालून मोजा. परतीचा तोटा, म्हणजे पाठवलेल्या शक्तीपेक्षा परत आलेली जितकी कमी तो आकडा, १२ डेसिबल आला, तर तो जाण्यायेण्याचा मिळून असतो; केबलचा तोटा त्याच्या निम्मा, ६. मग यंत्र घेऊन वर चढा आणि थेट अँटेनाशी जोडा. मोजण्यापूर्वी ओपन, शॉर्ट आणि ५० ओम लोड लावून कॅलिब्रेशन करायलाच हवं. लांब तारेवर स्थिर वीज साठते, तेव्हा जोडण्याआधी तार अर्थिंगला टेकवा. आणि हे यंत्र लावलेलं असताना ट्रान्समीटरचं बटण कधीही दाबू नका, ते जळेल. सेट तपासायचा तर ५० ओमचा डमी लोड वेगळा घ्या.

मल्टिमीटर तुटलेली तार दाखवतो, केबलच्या जाळीत मुरलेला पावसाळा नाही. नवी केबल टाकाल त्या दिवशीचा तोटा वहीत तारखेसह लिहा. दसऱ्याला पुन्हा मोजा. आकडा वाढला असेल, तर वरचा जोड उघडून बघा. जाळी काळी पडली असेल तर केबल बदला, आणि नव्या जोडावर रबरी टेप घट्ट गुंडाळा.