चोळपुरम्‌च्या वाटेवर

सरकारी नोकरीत माणसाला टिपण लिहिण्याची सवय जडते. विषय, पूर्वपीठिका, वस्तुस्थिती आणि शेवटी ‘आदेशार्थ सादर’, या पायऱ्यांनी कोणतेही प्रकरण वर चढते. याच पायऱ्यांनी कादंबरीही चढेल, अशा समजुतीत मी आयुष्याची सहा वर्षे घालविली. त्या समजुतीचा निरास कसा झाला, ते आज आपल्याला सांगावयाचे आहे.

बदलीच्या निमित्ताने मी कुंभकोणम्‌ला आलो. मराठी माणसाला हा मुलूख अगदीच परका वाटत नाही. राजराज चोळाने तंजावरला बांधलेल्या बृहदीश्वराच्या देवळात सरफोजी राजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा सबंध इतिहास मराठीत दगडावर कोरून घेतला आहे. तो लेख पाहून मी भारावून गेलो आणि सरफोजींवर कादंबरी लिहावयाची, असे तिथल्या तिथे ठरविले. सामग्रीला तोटा नव्हता. १७९८ मध्ये गादी मिळाली. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीच्या हाती गेला. राजाकडे उरला तो तंजावरचा किल्ला, आणि त्यात बसून या राजाने सरस्वती महालाचे ग्रंथभांडार वाढविले. एवढे नाट्य आयते हाती असताना आणखी काय पाहिजे? मी तीनशे पाने लिहिली. त्यात एकही तारीख चुकलेली नव्हती. पत्नीला वाचावयास दिली, तेव्हा सत्तराव्या पानात तिने घातलेली मोरपिसाची खूण पुढे सहा महिने तिथून हलली नाही. एका प्रकाशकांनी हस्तलिखित परत पाठविले आणि माहितीची मनापासून स्तुती केली. कादंबरीकाराला याहून मोठी शिक्षा नसावी.

त्याच सुमारास कामासाठी कोळ्ळिडम् नदीकडे जाणे झाले. बरोबर कचेरीतले एक वयोवृद्ध कारकून होते. वाटेत चोळपुरम् लागते. कुंभकोणम्‌च्या ईशान्येचे हे लहानसे गाव. पुढे गेल्यावर राजेंद्र चोळाची राजधानी असलेले गंगैकोंड चोळपुरम् येते. त्या थोर नावापुढे हे धाकटे चोळपुरम् कुणाच्या ध्यानात राहत नाही. आम्ही तिथे कापी घेण्यास थांबलो. पितळी डबऱ्यात पेला पालथा करीत कारकुनांनी सहज विचारले, “ऐया, आपली कथा काय आहे?” मी सांगू लागलो. पहिले प्रकरण, राज्यारोहण, दुसरे, तह. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “या राजाला सगळेच ठाऊक आहे. मग ऐकणाऱ्याला कोण सांगणार?”

मला त्याचे उत्तर देता आले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून एक जाडजूड बाड आणून दिले. कल्कींची ‘पोन्नियिन् सेल्वन्’. १९५० ते १९५४ या काळात ‘कल्की’ साप्ताहिकातून ती क्रमशः प्रसिद्ध होत असताना त्यांच्या आईने दर आठवड्याची पाने कापून, मणियम् यांच्या चित्रांसकट शिवून ठेविली होती. तमिळ घराघरांतून अशी बाडे असत. माझे तमिळ कचेरीपुरते. पहिल्या प्रकरणालाच पंधरा दिवस लागले.

कल्की म्हणजे रा. कृष्णमूर्ती. १८९९ मध्ये जन्मलेला हा लेखक याच जुन्या तंजावर जिल्ह्यातला. त्यांच्या कादंबरीचा विषय दहाव्या शतकातील चोळांचा वारसाहक्काचा तंटा; राजे, राजपुत्र, कारस्थानी सरदार, सर्व काही आहे. परंतु प्रारंभ होतो तो आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, वीरनारायण तलावाच्या बांधावरून रमतगमत जाणाऱ्या एका घोडेस्वारापासून. हा वंदियदेवन्. कांचीहून राजपुत्र आदित्य करिकालाने दिलेले खलिते पोचविणे, एवढेच त्याचे काम. आमच्या भाषेत म्हणजे टपाली! त्याला चोळदरबाराची काही माहिती नाही, जिभेला आवर नाही, भूक मात्र भरपूर. रात्री कडंबूरच्या वाड्यात मुक्काम पडतो आणि नको ते कानी येते. त्याला जे कळते तेच आपल्याला कळते, आणि तो संकटात पडला की आपणही पडतो. मी ज्यासाठी चाळीस पानांची पूर्वपीठिका लिहिली होती, ते या बाबाने एका पाहुण्याच्या झोपमोडीत उरकले.

मग मी माझ्या सवयीने साधनांकडे वळलो. वंदियदेवाचा इतिहासातील पुरावा किती? तंजावरच्या शिलालेखात राजराजाची बहीण कुंदवै हिचा पती म्हणून आलेला उल्लेख, बस्स. नंदिनी तर इतिहासात नाहीच. आणि ज्या खुनाभोवती पाच भाग फिरतात, त्या आदित्य करिकालाच्या खुनाचा मुख्य पुरावा कोणता? काट्टुमन्नारकोविलजवळच्या उडैयारकुडी येथील देवळातला, राजराजाच्या कारकीर्दीच्या दुसऱ्या वर्षाचा लेख. त्यात राजद्रोही ठरलेल्या रविदास, सोम, परमेश्वर आदींच्या जमिनींची विल्हेवाट लावलेली आहे. म्हणजे चक्क महसुली कागद! असले कागद मी रोज सही करून पुढे ढकलतो. कल्कींनी त्यातून शोकनाट्य उभारले, आणि प्रत्यक्ष वार कुणी केला हे अखेरपर्यंत संदिग्ध ठेविले. लेख जिथे गप्प आहे, तिथे तेही गप्प राहिले. माझ्यासारख्याने परिशिष्ट जोडले असते.

साप्ताहिकाची शिस्तही त्यामागे आहेच. वाचक पुढच्या आठवड्यात परतला पाहिजे, हा तगादा मोठा गुरू. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ काढले, तेव्हा तेही याच शाळेत बसले होते. त्याच्याही आधी मायूरम्‌चे मुन्सफ वेदनायकम् पिळ्ळै यांनी न्यायदानाचे काम सांभाळून तमिळमधली पहिली कादंबरी लिहिली. ती १८७९ मध्ये छापली गेली. सरकारी माणसाला कादंबरी वर्ज्य नाही, एवढाच दिलासा मी त्यातून घेतला.

कोळ्ळिडम्‌वरच्या अणैकरै धरणावरून मी पुष्कळदा गेलो आहे. १८३६ मध्ये त्या बांधासाठी गंगैकोंड चोळपुरम्‌च्या देवळाच्या आवारभिंतीचे दगड नेले. पुरातत्त्वाच्या दृष्टीने तो अपराधच. पण शेतीला पाणी मिळाले. तीनशे पाने मोडताना मला हे धरण वारंवार आठवे.

मोडली, हे खरे. नवी कादंबरी सरफोजींवर नाही. देवळाच्या भिंतीवर मराठी अक्षरे कोरणारा एक तरुण पाथरवट मी कल्पिला आहे. तो तमिळ, देवनागरी त्याला वाचता येत नाही. रेघ पाहून तो रेघ मारतो. काही ओळींनंतर एक आकृती पुन्हा पुन्हा येते, हे त्याच्या ध्यानात येते, आणि तिचा अर्थ काय हे तो दरबारातल्या एका लेखकाला विचारतो. महाराज अद्याप एकदाच दिसले आहेत, तेही दुरून. पत्नीची मोरपिसाची खूण सध्या अकराव्या प्रकरणात आहे. बाराव्याची मागणी झाली आहे, आणि ते अजून लिहावयाचे आहे.