जाम झालेला नट
(चाकण येथील बैठकीतील भाषण)



आज कांद्याच्या भावावर बोलायचे नाही, नटावर बोलायचे आहे. हसू नका. ज्या चाकणला १९८० साली कांद्यासाठी पुणे-नाशिक रस्ता अडवला गेला, त्याच्याच शेजारी निघोजे, महाळुंगे, खराबवाडीच्या रानांत आज गाड्यांचे कारखाने उभे आहेत. आपली पोरे तिथे पाळीला जातात, हवेच्या गनने दिवसभर नट आवळतात. आणि घरच्या पिकअपचा एक नट जाम झाला की गाडी दोर बांधून गॅरेजला न्यावी लागते. पैसे जातातच, पण बाजाराचा दिवस जातो तो कुठल्या हिशेबात धरायचा? कारखान्यात आवळायला शिकवतात. गंजलेले सोडवायचे कसे, हे तिथे कोण शिकवणार? तिथे सगळे नट नवे असतात.

आधी गंज कुठून येतो ते बघा. आम्ही शेतकीची पदवी घेतलेली माणसे बटाट्याला पोटॅश किती द्यायचे ते सांगत फिरतो. तेच पोटॅश, म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅश, क्लोराईडचे मीठ आहे. गोणी फाटते, दाणे पिकअपच्या फळ्यांतून खाली सांडतात, हवेतले पाणी ओढतात आणि लोखंड खातात. युरियाही ओल धरतो. खताची खेप टाकून आल्यावर गाडीचे पोट पाण्याने धुतले तर निम्मे काम तिथेच होते. बैल धूत होतोच ना आपण?

गंज लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो. आट्यांत पाचर ठोकल्यासारखा तो बसतो. म्हणून पान्याला पाईप घालून दोघे लोंबकळले की नट सुटत नाही, बोल्ट तुटतो. पाईप शेवटी. आधी तारेच्या ब्रशने उघडे आटे साफ करा. संध्याकाळी गंज सोडवणारे तेल सोडा, हातोडीने नटावर हलके ठोके द्या, रात्रभर राहू द्या, सकाळी पुन्हा. ठोक्याने गंजाला तडे जातात, तेल आत उतरते. मग पाना सहा कोनांचाच घ्या. ढिला फिक्स पाना नटाचे कोपरे गोल करतो. पहिला झटका किंचित आवळायचा, मग सोडायचा. पाव वेढा सोडा, थोडा परत आवळा, तेल द्या, पुन्हा सोडा. घाई करणाऱ्याचे इथे काही चालत नाही.

तरीही हलला नाही तर गॅसची ज्योत. बोल्ट नव्हे, नट तापवायचा. सोळा मिलिमीटरचा नट तीनशे अंशांनी तापला की त्याचे भोक मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढे फुगते. तेवढे पुरते. कोपरे गेले असतील तर छिन्नीने नट उभा फोडा, बोल्ट वाचतो. बोल्ट भोकात तुटला तर त्यावर नवा नट ठेवून आतून वेल्डिंग मारून घ्या. वेल्डिंगच्या उष्णतेनेच तो सैल होतो.

आता नीट ऐका, कारण इथे जीव जातो. टायरमध्ये हवा असताना चाकाच्या नटाला किंवा रिमला कधीही ज्योत लावू नका. आतला रबर तापून वायू धरतो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. ट्रॉलीच्या चाकालाही हेच. ज्योत लावण्याआधी स्प्रेचे तेल पुसा, डिझेलची टाकी आणि ब्रेकचे पाईप दूर आहेत का बघा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करा, जॅक नंतर. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली शिरू नका, खाली लाकडी ठोकळे द्या. जुन्या विलीज जीपच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असतात, हेही एकदा म्हाताऱ्या ड्रायव्हरला विचारून घ्या. सोडतो सोडतो म्हणत कितीतरी जणांनी ते आवळलेत.

लाल होईपर्यंत तापलेला बोल्ट परत लावू नका. त्याचा कडकपणा गेलेला असतो. डोक्यावर ८.८ असा आकडा असेल तर त्याच आकड्याचा नवा आणा. बसवताना आट्यांना थोडे ग्रीस लावा, म्हणजे पुढच्या वेळी त्रास नाही. चाकाचे नट मात्र कोरडे ठेवा, आणि पन्नासेक किलोमीटर चालल्यावर गाडी थांबवून पुन्हा एकदा आवळून बघा.