मनाचा ताप कोण मोजणार?



कोरोनाच्या साथीत आपण अंगातला ताप मोजला, रक्तातला प्राणवायू मोजला, रुग्ण आणि मृत्यू मोजले. मोजायचे राहिले ते आपल्या तरुण मुलामुलींचे मन. साथ ओसरली म्हणून हा विषय संपला, असे समजू नये, एवढेच मला आज सांगायचे आहे.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली. डहाणूपर्यंतची लोकल थांबली. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे रोजंदारी करणाऱ्यांची कमाई थांबली. बोईसरच्या चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब दिवसरात्र कोंडले गेले. त्या वर्षीचा रमजान आणि ईद घरातच झाली. ज्यांच्या घरी मृत्यू झाला, त्यांच्या जनाज्यालाही मोजकीच माणसे. दुःख वाटून घ्यायलाच कोणी नव्हते. मग ते मुलांनी मनातच गिळले.

शिक्षणाचे काय झाले? 2020 साली दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला. 2021 साली तर संपूर्ण परीक्षाच रद्द झाली आणि निकाल लागला 99.95 टक्के! कागदावर जवळजवळ सारेच उत्तीर्ण झाले. पण पेढे वाटताना 'कोरोनाची बॅच' हा टोमणाही मुलांनी ऐकला. घरात मोबाईल एक आणि शिकणारी भावंडे तीन, तेव्हा तो बहुधा मुलाच्या हाती गेला आणि मुलीच्या वाट्याला घरकाम आले. ही मुले आज विशीत आहेत. कोणी कारखान्यात आहे, कोणी महाविद्यालयात, कोणी शिक्षण सोडून घरी.

युनिसेफने 2021 साली 21 देशांतील पाहणी प्रसिद्ध केली. भारतातील 15 ते 24 वयाच्या सुमारे 14 टक्के तरुणांनी आपल्याला वारंवार उदास वाटते किंवा कशातच रस वाटत नाही, असे सांगितले. याहून विचार करायला लावणारी गोष्ट पुढेच आहे. मनाच्या त्रासात दुसऱ्याची मदत घेणे चांगले, असे म्हणणारे आपल्याकडे शंभरात अवघे 41 निघाले. सर्व देशांची सरासरी मात्र 83 होती.

हा संकोच कशाचा? लोक वेडा म्हणतील, मुलीची सोयरीक मोडेल, याचा. कोणी बाहेरची बाधा समजतो, कोणी इबादतीत कमी पडल्याचा दोष देतो. नमाजने, दुआने मनाला धीर मिळतो, यात शंका नाही. परंतु मधुमेह झाला तर आपण दुआ करतो आणि औषधही घेतो. मनाच्या आजाराला वेगळा न्याय का?

पालकहो, मुलाची झोप उडाली, भूक मंदावली, दोस्त सुटले, चिडचिड वाढली आणि हे दोन आठवडे टिकले, तर त्याला आळशी म्हणू नका. शेजारी बसा, विचारा, आणि उपदेश न करता ऐका. मग डॉक्टरांकडे न्या. मुलाने मरणाची भाषा केली तर रागावू नका, त्याला एकटे सोडू नका. मरणाचे विचार येतात का, असे सरळ विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत; उलट मनावरचे ओझे हलके होते.

ऑक्टोबर 2022 पासून शासनाची 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा सुरू आहे. क्रमांक 14416. ती मोफत आहे, अहोरात्र आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर लावावा. आठवड्यातून एक तास एखाद्या शिक्षकाने वा शिक्षिकेने केवळ मुलांचे ऐकण्यासाठी राखून ठेवावा. त्याला फारसा खर्च नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुम्ही त्या काळात पुष्कळ सोसले आहे. त्याबद्दल बोलणे हा दुबळेपणा नव्हे. जवळच्या एका माणसाला तरी आजच सांगा. आणि तुमचा दोस्त सांगू लागला, तर हसू नका.