करांतली सूट कोणाच्या पदरांत?

(गांवच्या सभेंत एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



आयकर कमी झाला कीं वर्तमानपत्रांत आनंदीआनंद होतो. चावडीवर मात्र कोणी तरी म्हणतो, "आपल्याला काय त्याचें? आपण कुठें कर भरतों?" आणि शहरांतले कांहीं शहाणे म्हणतात, "शेतकरी करच भरीत नाहीं, मग त्याला सवलत कशाची?" हीं दोन्ही बोलणीं खोटीं आहेत, हें आज आम्हांला हिशेबानें दाखवावयाचें आहे.

कर दोन वाटांनीं जातो. एक उत्पन्नावरचा, तो कमाईच्या मानानें चढतो. दुसरा मालावरचा, तो दुकानदाराच्या गल्ल्यांतून सरकारजमा होतो. साबणाच्या वडीवर जितका कर शेटजीला, तितकाच मोलकरणीला. शेटजीला तो जाणवत नाहीं. मोलकरणीच्या मजुरीचा मात्र तो लचका तोडतो. आयकराचें विवरणपत्र भरणारे या देशांत शंभरांत दहाहि नाहींत. साबण, तेल, चहा घेणारे घरोघर आहेत.

हें गाऱ्हाणें नवें नव्हे. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं लेखी निवेदन दिलें. सरकारचा मोठा महसूल रयतेच्या श्रमांतून येतो, वरिष्ठ व धनिक वर्ग तिजोरींत फार थोडें घालतात, आणि विद्येचा लाभ मात्र तेच घेतात, असा त्यांचा आक्षेप होता. त्याआधीं १८६० सालीं आलेला आयकर १८६५ सालीं उठविण्यांत आला. पुढें १८८६ च्या कायद्यानें तो कायमचा परत आला. मिठावरचा कर मात्र या सगळ्या काळांत चालूच राहिला. तो उठावयास १९४७ साल उजाडावें लागलें. पैसेवाल्याचा कर पांच वर्षांत सुटला. भाकरीतल्या मिठाचा सुटावयास त्यानंतर ब्याऐंशीं वर्षें गेलीं!

स्वराज्यांत काय झालें तेंहि पाहूं. मोठ्या वारशावरील कर १९५३ सालीं बसला आणि १९८५ सालीं उठला. संपत्तीवरील कर २०१५ च्या अंदाजपत्रकांत उठला. वसूल थोडा आणि खटाटोप फार, असें कारण सांगितलें गेलें. कुंपणाला भगदाड पडलें तर शेतकरी तें बुजवितो. कुंपणच उपटून टाकीत नाहीं. संपत्तिकराऐवजीं कोटीवर उत्पन्न असलेल्यांच्या करावर दोन टक्के जादा अधिभार आला, हें खरें. पण २०२३ सालीं पांच कोटींहून अधिक उत्पन्नावरील अधिभार, नव्या करपद्धतींत, ३७ वरून २५ टक्क्यांवर उतरला. वरच्या थरावरचा एकूण कर शेंकडा ४२.७४ होता, तो ३९ झाला. दहा कोटी मिळविणाऱ्याला ही सूट जवळजवळ ३७ लाखांची!

आणखी एक जोडी पाहा. सप्टेंबर २०१९ मध्यें, इतर सवलती सोडणाऱ्या कंपन्यांचा मूळ कर ३० वरून २२ टक्के केला. त्यांत वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल, असें सरकारनेंच सांगितलें. पुढच्या मार्च आणि मे महिन्यांत मिळून डिझेलवरील केंद्राचा कर लिटरमागें १६ रुपयांनीं वाढला. त्या वेळीं जगांत खनिज तेल स्वस्त झालें होतें. ती स्वस्ताई नांगरटीच्या ट्रॅक्टरपर्यंत पोंचलीच नाहीं. २०२१ व २०२२ सालीं ते १६ रुपये कमी झाले. परंतु तोंपर्यंत दोन हंगाम निघून गेले होते, आणि कंपन्यांची सूट मात्र कायम राहिली.

आतां २०२५ सालची सवलत. बारा लाख उत्पन्नावरचा कर माफ झाला. त्या माणसाचे ८० हजार वांचले. पंचवीस लाखवाल्याचे १ लाख १० हजार वांचले. सात लाखांच्या आंतल्याला नवें कांहीं मिळालें नाहीं, कारण नव्या पद्धतींत त्याला आधींच कर नव्हता. आम्ही पगारदार आहों; आमच्याहि पदरांत या सवलतीचा वांटा पडला, म्हणून ती वाईट असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्या सालीं महाराष्ट्रांत रोजगार हमीची मजुरी रोज ३१२ रुपये होती. भागाकार करून पाहा: ८० हजार म्हणजे २५६ दिवसांची मजुरी, आणि १ लाख १० हजार म्हणजे ३५२ दिवसांची!

न्यायानें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, त्याच वर्षीं २२ सप्टेंबरपासून मालावरील करहि उतरला. वह्या आणि पेन्सिली करमुक्त झाल्या, अंगाचा साबण व केसांचें तेल १८ वरून ५ टक्क्यांवर आलें, ट्रॅक्टर १२ वरून ५ वर आला. गरिबापर्यंत पोंचणारी सूट ती हीच. मात्र त्या फेरबदलांतहि रासायनिक कीटकनाशकांवरचे १८ टक्के तसेच राहिले.

कोणी म्हणतील, धनिकाला सोडलें तर तो कारखाने काढील, गरिबाला काम मिळेल. काढील तर उत्तम! पण माल विकला जाईल तरच कारखाना वाढेल, आणि माल घेणाऱ्याचा खिसाच रिकामा असेल तर तो विकला कसा जाणार? शेतीच्या उत्पन्नाला कर नाहीं, हेंहि आम्हांला ऐकवितात. दोन एकर कोरडवाहू करणाऱ्याला ती माफी कागदावरचीच, कारण करपात्र होण्याइतकें त्याचें उत्पन्नच नाहीं. तिचा खरा लाभ मोठ्या बागाइतदाराला, आणि दुसरा पैसा शेतीच्या नांवावर दाखविणाऱ्या लबाडाला! अशांना गरीब शेतकऱ्याच्या आड लपूं देऊं नये.

तेव्हां पुन्हां कधीं सूट जाहीर झाली तर तीन प्रश्न विचारा. ती कोणाला मिळाली? किती मिळाली? आणि तिजोरींतला खड्डा कोण भरणार? तो खड्डा जिनसांवरील करानें किंवा शाळा-दवाखान्यांच्या खर्चांत काट मारून भरला जाणार असेल, तर ती सूट नव्हे. गरिबाच्या कनवटीचा पैसा धनिकाच्या पेटींत घालणें होय.

आणि घरीं गेल्यावर एवढें करा. दुकानदाराकडून पावती मागून घ्या. तिच्यावर कराच्या दोन ओळी असतात, एक केंद्राची व एक राज्याची. त्या मुलाकडून किंवा मुलीकडून वाचून घ्या आणि महिन्याची बेरीज मांडा. मग "आपण कुठें कर भरतों?" असें कोणी म्हणणार नाहीं, आणि जो कर भरतो, त्याला जाब विचारण्याचा अधिकार आहे.