मंत्रचळ आणि उपचारकाची निवड

मराठींत 'मंत्रचळ' हा फार जुना शब्द आहे. मंत्राच्या अनुष्ठानांत बुद्धि भ्रमिष्ट होणें हा त्याचा मूळ अर्थ. परंतु व्यवहारांत तो शब्द निराळ्याच माणसाला लावला जातो. दाराला कुलूप लावून चार पावलें गेलेला गृहस्थ परत येऊन तें ओढून पाहतो, पुन्हां जातो आणि पुन्हां परततो. नळाखालीं धरलेले हात साल निघेपर्यंत धुतले तरी बाईला ते स्वच्छ वाटत नाहींत. तेंच उत्तर दहा वेळां गिरवूनहि विद्यार्थ्याला पुढचा प्रश्न हातीं घेववत नाहीं. शेजारीपाजारी हंसतात आणि म्हणतात, 'ह्याला मंत्रचळ लागला.' आधुनिक मानसोपचारशास्त्र ह्याच विकाराला ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, थोडक्यांत ओसीडी, असें म्हणतें. त्यावर आज खात्रीचा उपाय आहे. परंतु तो उपाय ज्याला खरोखर येतो असा उपचारक गांठणें, ही रोग्याच्या वाटेंतील मोठी अडचण होऊन बसते.

ह्या विकाराला दोन अंगें आहेत. पहिलें अंग नकोशा विचाराचें. हात विटाळले असतील, गॅस उघडा राहिला असेल, आपल्या हातून कोणाचा घात होईल, देवासमोर बसतांना मनांत अभद्र शब्द येतील, असले ते विचार असतात. दुसरें अंग त्या विचारानें उठणारी भीति शमविण्यासाठीं केलेल्या कृतीचें. धुणें, तपासणें, मोजणें, मनांतल्या मनांत जप करणें, घरच्यांना तेंच तें विचारणें, हे तिचे प्रकार. १९७८ सालीं रॅकमन आणि डी सिल्वा ह्या संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, असले विचार निरोगी माणसांच्या मनांतहि येतात आणि त्यांचा आशय रोग्यांच्या विचारांसारखाच असतो. निरोगी माणूस तो विचार आला तसा जाऊं देतो. रोगी मात्र त्याला जबाब देत बसतो. कृतीनें घटकाभर बरें वाटतें. पण त्यामुळेंच मनाची अशी समजूत होते कीं, कृति केली म्हणून संकट टळलें. मग पुढच्या वेळीं शंका अधिक जोरानें येते. खरूज खाजविल्यानें क्षणभर सुख वाटतें, परंतु ती बरी होत नाहीं, तसाच हा प्रकार आहे.

आपली शंका निराधार आहे, हें रोग्याला बहुधा ठाऊक असतें. कळतें पण वळत नाहीं, हेंच त्याचें दुःख, आणि त्याचीच त्याला लाज वाटते. म्हणून तो वर्षानुवर्षें आपला आजार लपवितो. महाराष्ट्रांतील घरांत तर ह्या आजाराला सोवळ्याओवळ्याचा आडपडदा सहज मिळतो. परंतु दोहोंतील भेद पाहणाराला दिसण्यासारखा आहे. श्रद्धेनें सोवळें पाळणाऱ्या आजीचें सोवळें पूजा आटोपली, नैवेद्य झाला, कीं संपतें आणि तिला समाधान लाभतें. रोग्याचें सोवळें संपत नाहीं आणि समाधान तर त्याच्या वांट्याला येतच नाहीं. दिवसांतील तासाहून अधिक वेळ असल्या विचारांत व कृतींत जाऊं लागला, किंवा संसार, शिक्षण, नोकरी ह्यांत त्यामुळें व्यत्यय येऊं लागला, म्हणजे तो स्वभाव राहिला नाहीं, विकार झाला, असें समजावें.

विकाराचें सर्वांत लपलेलें रूप तर ह्याहून करुण असतें. तान्ह्या बाळाची आई भाजी चिरीत असते. सुरीकडे पाहतांना एकाएकीं तिच्या मनांत येतें कीं, ही आपण बाळाला मारली तर? त्या कल्पनेनेंच ती थरथर कांपूं लागते. सुऱ्या कुलुपांत जातात, बाळाला न्हाऊं घालण्याचें काम सासूबाईंवर पडतें, आणि ती स्वतः बाळाजवळ एकटी बसेनाशी होते. बोलावें कोणाशीं? सांगितलें तर आपल्याला वेडी ठरवितील, मूल काढून घेतील, ही तिची धास्ती. ज्याला ह्या विकाराची ओळख नाहीं असा सल्लागार तिचें बोलणें ऐकून घाबरून जाईल, नाहीं तर 'तुमच्या हातून असें कधींच होणार नाहीं' असा दिलासा दर भेटींत देत राहील. दोहोंपासून अपायच. जाणता उपचारक हा विचार तिला हवासा वाटतो कीं त्यानें ती हादरून जाते, हें प्रथम विचारील. प्रसूतीनंतर क्वचित् होणाऱ्या बुद्धिभ्रंशाहून ही अवस्था वेगळी आहे, ह्याची नीट चौकशी करून खात्री करून घेईल. आणि मग तिला सांगेल कीं, हा विचार तुमची इच्छा नव्हे, तुमच्या आजाराचें तें लक्षण आहे.

योग्य उपचारकाची कसोटी येथेंच लागते. इतर पुष्कळ दुःखांत दिलासा हें औषध असतें. ह्या विकारांत तोच दिलासा व्यसनासारखा होतो. 'हात स्वच्छ आहेत' असें उपचारकानें शंभर वेळां सांगितलें, तर रोगी एकशेंएकाव्यांदा विचारण्यासाठीं येतो. म्हणून जो रोग्याची शंका फेडण्याच्या मागें लागतो त्याच्यापेक्षां, शंका न फिटतांहि जगतां येतें हें जो शिकवितो, तोच ह्या रोगाचा खरा उपचारक होय.

ह्या पद्धतीचा उगम लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयांत झाला. व्हिक्टर मेयर ह्या मानसशास्त्रज्ञानें १९६६ सालीं दोन रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्या काळीं ज्ञात असलेले इतर उपचार त्यांच्यावर निष्फळ झाले होते. मेयरनें त्यांना ज्या गोष्टींची भीति वाटे त्यांच्या सान्निध्यांत नेलें आणि देखरेख ठेवून नेहमींच्या कृतीला अटकाव केला. कृति न करतांहि संकट कोसळत नाहीं, हा अनुभव त्यांना आला, आणि त्यांची प्रकृति सुधारली. त्यांतूनच पुढें 'एक्स्पोझर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन', म्हणजे भीतीला सामोरें जाणें व कृति रोखणें, ही पद्धति विकसित झाली. तिलाच थोडक्यांत ई. आर. पी. म्हणतात.

आजच्या ई. आर. पी.मध्यें सक्ति नसते. उपचारक आणि रोगी मिळून भीतीची एक शिडी तयार करतात. ज्या स्त्रीला विटाळाची भीति आहे तिच्या शिडीची पहिली पायरी स्वतःच्या घराच्या दाराच्या कडीला हात लावणें ही असेल, मधली पायरी एस. टी.च्या दांड्याला धरून प्रवास करणें ही असेल, आणि वरची पायरी हात न धुतां घरीं भाकरी खाणें ही असेल. प्रत्येक पायरीवर ती थांबते, हात धुण्याचा मोह आवरते आणि अस्वस्थता सोसते. पुष्कळदां ती अस्वस्थता आपोआप ओसरते. ओसरली नाहीं तरी आपण ती सोसूं शकलों, हें ज्ञान कायम राहतें. चांगला उपचारक स्वतः करावयास तयार नसेल अशी गोष्ट रोग्याला सांगत नाहीं. रोग्याच्या धर्मश्रद्धेचाहि तो उपमर्द करीत नाहीं. सामान्य भाविक माणूस जितका आचार पाळतो तितका त्यालाहि पाळतां यावा, एवढेंच त्याचें ध्येय असतें.

ह्या उपायाचें बळ आंकड्यांनींहि दिसून आलें आहे. २००५ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणींत १२२ प्रौढ रोग्यांना चार प्रकारचे उपचार देण्यांत आले. १२ आठवड्यांच्या अखेरीस ई. आर. पी. मिळालेल्यांपैकीं शेंकडा ६२, क्लोमिप्रामिन हें औषध मिळालेल्यांपैकीं ४२, दोन्ही मिळालेल्यांपैकीं ७०, आणि नुसती निरौषधी गोळी मिळालेल्यांपैकीं ८ रोग्यांना गुण आला. अर्थात् औषधांनाहि येथें महत्त्वाचें स्थान आहे. फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन, फ्लुव्होक्सामिन अशीं औषधें सामान्य नैराश्यापेक्षां ह्या विकारांत बहुधा अधिक मात्रेनें द्यावीं लागतात, आणि त्यांचा परिणाम पुरता दिसण्यास दहा-बारा आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यांतच 'गुण नाहीं' म्हणून औषध टाकणें, किंवा बरें वाटतांच डॉक्टरांना न विचारतां तें एकदम बंद करणें, ह्या दोन चुका फार ठिकाणीं होतात.

आतां प्रश्न राहिला तो शोधावें कोणाला, हा. औषध लिहून देण्याचा अधिकार मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांना असतो. ई. आर. पी. बहुधा चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ देतात आणि भारतांत त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. ती नोंदणी दाखवा, असें म्हणण्यांत कांहीं अमर्यादा नाहीं. नुसत्या 'समुपदेशक' ह्या पाटीवरून शिक्षणाचा बोध होत नाहीं. परंतु पदवी आणि नोंदणी एवढ्यानेंहि काम भागत नाहीं. कारण उत्तम पदवी असलेल्या माणसालाहि ही विशिष्ट पद्धति शिकण्याचा योग आलेला नसतो.

म्हणून पहिल्याच भेटींत रोग्यानें किंवा त्याच्या आप्तांनीं कांहीं प्रश्न विचारावेत. ह्या विकाराचे रोगी आपण पूर्वी हाताळले आहेत काय? कोणत्या पद्धतीनें? सामोरें जाणें व कृति रोखणें हा प्रकार आपण करवितां काय, आणि माझ्या भीतीच्या बाबतींत आरंभ कोठून कराल? दोन भेटींच्या दरम्यान घरीं अभ्यास द्याल काय? जरूर पडल्यास खोलीबाहेर, स्वयंपाकघरांत किंवा स्टेशनवर, माझ्याबरोबर याल काय? प्रगतीचें माप कसें घ्याल? ह्या शेवटच्या प्रश्नासाठीं १९८९ सालापासून येल-ब्राऊन नांवाची १० प्रश्नांची मोजपट्टी प्रचारांत आहे. तिचे गुण ० ते ४० असतात. ज्याला काम येतें त्याला ह्या प्रश्नांचा राग येत नाहीं. उलट त्याचीं उत्तरें सरळ आणि तपशीलवार असतात. याच्या उलट, मनगटाला रबर बांधून विचार आला कीं तें ताणावें, मन दुसरीकडे वळवावें, विचार येऊंच देऊं नये, किंवा बालपणाच्या आठवणी काढीत वर्षानुवर्षें बसावें, एवढाच ज्याचा कार्यक्रम असेल, त्याच्या सद्भावनेविषयीं शंका न घेतांहि ह्या विकारापुरता दुसरा उपचारक पाहणें शहाणपणाचें होय. आठवड्याला एक भेट ह्या हिशेबानें उपचाराला साधारणपणें तीन ते पांच महिने लागतात. तितक्या अवधींत अभ्यासाला हातच घातला गेला नाहीं, तर तसें स्पष्ट बोलावें.

घरच्या माणसांनाहि ह्या उपचारांत भाग घ्यावा लागतो. 'आई, मी हात धुतले ना ग?' असें मुलगा दिवसांतून चाळीस वेळां विचारतो आणि आई मायेनें चाळीस वेळां 'होय रे बाळा' म्हणते. तिच्या मायेला दोष देण्याचें कारण नाहीं. पण त्या होकारावरच आजार पोसला जातो. जाणता उपचारक आईला बोलावून घेतो, आणि मुलाच्या संमतीनें एक नवें उत्तर ठरवून देतो: 'हा प्रश्न आजाराचा आहे, बाळा. त्याला मी उत्तर देणार नाहीं. पण तुझी घालमेल थांबेपर्यंत मी तुझ्याजवळ बसतें.' हें उत्तर देणें आईला प्रथम फार जड जातें. तिलाहि आपली शिडी चढावी लागते.

तालुक्याच्या गांवीं असा उपचारक मिळणें कठीण, ही तक्रार खरी आहे. बंगळूरच्या निमहान्स संस्थेंत ह्या विकारासाठीं स्वतंत्र विभाग आहे. परंतु प्रत्येकाला तेथें जाणें शक्य नाहीं. ठाणें, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील सरकारी मनोरुग्णालयांचीं नांवें ऐकतांच लोक दचकतात. पण तेथें व बांबोळी येथील संस्थेंत बाह्यरुग्ण म्हणून सल्ला घेतां येतो. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या मानसोपचार विभागांतहि कमी खर्चांत तपासणी होते. शिवाय आतां चलच्चित्र-दूरध्वनीवरून उपचार घेतां येतो, आणि ह्या विकारांत त्याचा एक अनपेक्षित लाभहि आहे. ज्या शेगडीची किंवा ज्या कुलुपाची भीति, तेंच उपचारकाला समोर दिसतें. २०२२ सालीं सुरू झालेल्या टेलिमानस ह्या सरकारी सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर केव्हांहि, मराठींतूनहि, विनामूल्य बोलतां येतें. कोठें जावें हें कळत नसेल, किंवा जीव नकोसा झाला असेल, तर तेथूनच आरंभ करावा.

योग्य माणूस पहिल्याच दारीं भेटेल असें नाहीं. एका उपचारकाकडे गुण आला नाहीं म्हणून आजार असाध्य ठरत नाहीं. बहुधा एवढेंच ठरतें कीं, खरा उपाय अजून झालेला नाहीं. आणि शोध करतांना रोग्याच्या मनांत आणखी एक शंका हमखास डोकावते: हाच उपचारक सर्वांत योग्य कशावरून? त्या शंकेलाहि पुरतें समाधान कधीं मिळणार नाहीं. पद्धति ठाऊक असलेला, अनुभवी आणि सरळ बोलणारा माणूस भेटला, म्हणजे उरलेली शंका तशीच बरोबर घेऊन त्याच्या दारांत पाऊल टाकावें. उपचाराची पहिली पायरी तीच होय.